रेचल कार्सन यांचे हरवलेले आठ महिने

एप्रिल १९६०. अमेरिकेची राजधानी वॉशिंग्टन. बावन्न वर्षांच्या एका लेखिकेच्या डाव्या स्तनात दोन गाठी आढळल्या आणि त्यांच्यावर मोठी शस्त्रक्रिया झाली. त्या काळच्या पद्धतीप्रमाणे संपूर्ण स्तन, त्याखालचे छातीचे स्नायू आणि काखेतल्या लसिका ग्रंथी, म्हणजे जिथे आपल्याला अवधाण येतं त्या गाठी, काढून टाकण्यात आल्या. शस्त्रक्रियेनंतर त्यांनी सर्जनना सरळ विचारलं, की हा कॅन्सर आहे का? उत्तर गुळमुळीत मिळालं. गाठ कॅन्सरच्या जवळ जाणारी आहे, पण कॅन्सर म्हणता येणार नाही, असा त्याचा सूर होता. पुढचे कोणतेही उपचार सुचवले गेले नाहीत. बाई घरी आल्या आणि अर्धवट राहिलेल्या पुस्तकाच्या कामाला लागल्या.

प्रत्यक्षात तो कॅन्सरच होता आणि काखेतल्या ग्रंथींपर्यंत पोचला होता. हे त्यांना कळायला डिसेंबर उजाडला.

त्या लेखिकेचं नाव रेचल कार्सन. कीटकनाशकांच्या बेसुमार वापराबद्दल जगाला जागं करणारं ‘सायलेंट स्प्रिंग’ हे पुस्तक त्यांचं. पर्यावरणाच्या चळवळीचा इतिहास त्यांच्या नावाशिवाय पुरा होत नाही. पण स्तनाच्या कॅन्सरचे उपचार घेतलेल्या स्त्रियांनी आणि त्यांच्या घरच्यांनीही हे आयुष्य माहीत करून घ्यावं, असं मला वाटतं. उपचारानंतरची देखरेख, ज्याला आपण सगळे फॉलो-अप म्हणतो, ती कशावर उभी असते हे त्यातून फार स्पष्ट दिसतं.

नदीकाठची मुलगी

रेचल कार्सन यांचा जन्म २७ मे १९०७ रोजी पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या स्प्रिंगडेल या गावी झाला. तीन भावंडांत त्या धाकट्या. घरची परिस्थिती बेताची. आई मराया ही शिकलेली आणि निसर्गाची आवड असलेली बाई. पाखरं, किडे, झाडं यांची ओळख रेचलला आईनं करून दिली. लिहिण्याचा नाद लहानपणापासूनचा. अकराव्या वर्षीच मुलांच्या एका मासिकात त्यांची गोष्ट छापून आली होती.

कॉलेजात त्या इंग्रजी साहित्य शिकायला गेल्या, पण मेरी स्किंकर या शिक्षिकेमुळे जीवशास्त्राकडे वळल्या. १९२९ मध्ये पदवी मिळाली आणि त्याच उन्हाळ्यात वुड्स होल इथल्या सागरी प्रयोगशाळेत जाण्याची संधी आली. समुद्राची ओढ पुस्तकांतून लागलेली होती. त्याचा प्रत्यक्ष सहवास तेव्हा मिळाला. १९३२ मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातून त्यांनी प्राणिशास्त्राची एम.ए. पदवी घेतली. पुढे पीएच.डी. करण्याची इच्छा होती. पण मंदीचे दिवस, घरात पैशांची ओढाताण. १९३५ मध्ये वडील गेले. कुटुंबाचा भार रेचलवर आला. सरकारी मत्स्य खात्यासाठी त्यांनी आधी रेडिओच्या संहिता लिहिल्या आणि १९३६ मध्ये तिथेच जीवशास्त्रज्ञ म्हणून नोकरी धरली. दुसऱ्याच वर्षी थोरली बहीण वारली. तिच्या दोन मुलींचा सांभाळ रेचल आणि त्यांच्या आईनं केला.

दिवसा नोकरी आणि रात्री लेखन, असं पंधरा वर्षं चाललं. १९५१ मध्ये आलेलं ‘द सी अराउंड अस’ हे समुद्रावरचं पुस्तक तुफान खपलं. ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या सर्वाधिक खपाच्या यादीत ते ८६ आठवडे होतं. त्यानंतर कुठे त्यांना नोकरी सोडता आली. मेन राज्याच्या किनाऱ्यावर, साउथपोर्ट बेटावर, त्यांनी छोटंसं घर बांधलं. तिथे शेजारच्या डोरोथी फ्रीमन यांच्याशी जुळलेली मैत्री अखेरपर्यंत टिकली. या दोघींमधल्या पत्रांमुळेच कार्सन यांच्या आजारपणाचा बराचसा तपशील आज आपल्याला माहीत आहे.

घरच्या जबाबदाऱ्या मात्र संपल्या नव्हत्या. १९५७ मध्ये त्यांनी वाढवलेल्या भाच्यांपैकी एक वारली. तिचा पाच वर्षांचा मुलगा रॉजर पोरका झाला. पन्नाशीतल्या, अविवाहित कार्सन यांनी त्याला दत्तक घेतलं. १९५८ च्या डिसेंबरात आईही गेली.

याच सुमारास त्यांनी नव्या पुस्तकाचं काम हाती घेतलं होतं. १९५८ च्या सुरुवातीला मॅसॅच्युसेट्समधल्या एका परिचित बाईंनी त्यांना कळवलं होतं, की डास मारण्यासाठी विमानातून फवारणी झाल्यावर आवारातली पाखरं तडफडून मेली. कार्सन यांनी शेकडो शोधनिबंध गोळा केले, शास्त्रज्ञांशी पत्रव्यवहार केला. १९६० च्या सुरुवातीला त्या पुस्तकातल्या कॅन्सरविषयीच्या प्रकरणांवर काम करत होत्या. नेमक्या त्याच दिवसांत त्यांच्या स्वतःच्या स्तनात गाठी सापडल्या.

न सांगितलेलं निदान

स्तनातली गाठ त्यांना नवी नव्हती. १९४६ मध्ये एक छोटी गाठ काढली होती, १९५० मध्ये आणखी एक. दोन्ही वेळा काळजीचं कारण नाही असंच कळलं होतं. १९६० मध्येही शस्त्रक्रियेनंतर त्यांना तसंच वाटावं, असं उत्तर देण्यात आलं.

आज हे वाचताना आपल्याला त्या सर्जनचा राग येतो. पण ते एकटे तसे नव्हते. १९६१ मध्ये शिकागोच्या एका रुग्णालयातल्या २१९ डॉक्टरांची पाहणी प्रसिद्ध झाली. त्यांतल्या जवळपास ९० टक्के डॉक्टरांचा कल कॅन्सरच्या रुग्णाला निदान न सांगण्याकडे होता. रुग्ण खचेल, त्याची जगण्याची उमेद जाईल, अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती. बाई असेल तर निदान नवऱ्याला सांगायचं, अशीही रीत होती. कार्सन यांना नवरा नव्हता. त्यामुळे कुणालाच काही कळलं नाही.

निदान लपवलं की काय होतं ते नीट पाहायला हवं. आजार आहे हेच माहीत नसेल, तर रुग्ण पुढच्या तपासणीला कशाला येईल? शेक द्यायचा का, म्हणजे रेडिएशनचे उपचार घ्यायचे का, हा प्रश्न विचारण्याचीही संधी तिला मिळत नाही. दुसऱ्या डॉक्टरचं मत घेण्याचं कारण उरत नाही. शरीरावर कोणत्या खुणा दिसल्या तर धावत यायचं, हे कुणी सांगत नाही. शस्त्रक्रिया उत्तम झाली तरी त्यानंतरची सगळी वाट अंधारातली होते.

कार्सन यांच्या बाबतीत तसंच झालं. एप्रिल ते नोव्हेंबर त्या बऱ्या होत आहोत असं धरून चालल्या होत्या. नोव्हेंबरमध्ये त्यांना स्वतःलाच शस्त्रक्रियेच्या बाजूला, बरगडीपाशी, एक टणक सूज हाताला लागली. आता मात्र त्यांना शंका आली. शास्त्रज्ञ म्हणून पुरावा तपासायची सवय होती. ती त्यांनी स्वतःच्या शरीराला लावली. त्यांनी क्लीव्हलँड क्लिनिकमधले सर्जन जॉर्ज क्राइल यांना लिहिलं. डॉ. क्राइल त्यांच्या ओळखीचे होते आणि सरसकट मोठी शस्त्रक्रिया करण्याच्या पद्धतीवर टीका करणारे म्हणून प्रसिद्ध होते. डिसेंबरमध्ये कार्सन क्लीव्हलँडला गेल्या. क्राइल यांनी आधीचे कागद पाहिले, तपासलं आणि सगळं सांगितलं. कॅन्सर होता, तो ग्रंथींपर्यंत गेला होता आणि आता पुन्हा डोकं वर काढत होता.

नंतर पाठवलेल्या पत्रात कार्सन यांनी क्राइल यांचे आभार मानले. आपल्या बुद्धीवर आणि मनाच्या खंबीरपणावर विश्वास ठेवून ते मोकळेपणानं बोलले, याचं त्यांना अप्रूप वाटलं होतं. रुग्ण सत्य ऐकून कोसळतातच असं मानणाऱ्या प्रत्येकानं हे लक्षात घ्यावं.

ते आठ महिने वाया गेले नसते तर कार्सन वाचल्या असत्या का? डॉक्टर म्हणून मी तसं म्हणणार नाही. आजार निदानाच्या वेळीच ग्रंथींमध्ये पोचला होता आणि त्या काळी हातात औषधं फार थोडी होती. पण उपचारांची निवड करण्याचा त्यांचा हक्क या आठ महिन्यांत हिरावला गेला, एवढं निश्चित.

कळल्यानंतरची तीन वर्षं

१९६१ उजाडलं ते दुखण्यांची रांग घेऊनच. रेडिएशन सुरू झालं. जानेवारीत जंतुसंसर्ग झाला, गुडघे आणि घोटे सुजले, काही आठवडे चालता येईना. वर्षअखेरीला डोळ्यांना सूज येऊन वाचणं जवळपास बंद झालं. तेव्हा सहायिकेनं मजकूर वाचून दाखवायचा आणि त्यांनी ऐकून दुरुस्त्या सांगायच्या, असं काम चाललं.

पण आता त्यांना आपल्या आजाराची खरी अवस्था माहीत होती. वेळ मोजका आहे हे कळल्यावर त्यांनी बाकीची कामं बाजूला सारली आणि पुस्तकाला सगळी ताकद दिली. १९६२ च्या जानेवारीत हस्तलिखित ‘न्यूयॉर्कर’ साप्ताहिकाच्या संपादकांकडे गेलं. त्यांचा पसंतीचा फोन आला त्या रात्री कार्सन यांनी मांजराला घेऊन अभ्यासिकेत बेथोव्हेनचं व्हायोलिन ऐकलं आणि त्यांना रडू कोसळलं. पाखरांसाठी जे करायचं ठरवलं होतं ते आता झालं, अशी त्यांची भावना होती.

जून १९६२ मध्ये साप्ताहिकात आणि २७ सप्टेंबरला पुस्तकरूपानं ‘सायलेंट स्प्रिंग’ प्रसिद्ध झालं. रसायन कंपन्या तुटून पडल्या. बाई भावनाप्रधान आहे, शास्त्रज्ञच नाही, इथपर्यंत टीका झाली. आपल्याला कॅन्सर असल्याचं कार्सन यांनी जगापासून कसोशीनं लपवलं, त्याचं कारण हेच. स्वतःला कॅन्सर झाला म्हणून ही बाई रसायनांवर राग काढते आहे, असं म्हणायला विरोधकांच्या हातात कोलीत मिळालं असतं. त्या विग घालून लोकांसमोर येत. चालताना त्रास होतो तो सांधेदुखीमुळे, असं सांगत. त्यांचा कॅन्सर कीटकनाशकांमुळे झाला असं मानायला कोणताही आधार नाही, आणि त्यांनी स्वतःही तसा दावा कधी केला नाही.

इथे एक फरक नोंदवायला हवा. आपला आजार कुणाला सांगायचा हे ठरवण्याचा अधिकार रुग्णाचा असतो. १९६२ मध्ये कार्सन यांनी तो स्वतः वापरला. १९६० मध्ये तोच दुसऱ्यानं त्यांच्या वतीनं परस्पर वापरला होता.

४ जून १९६३ रोजी त्यांनी अमेरिकी सिनेटच्या समितीपुढे साक्ष दिली. तेव्हा आजार हाडांपर्यंत पोचायला लागला होता; छातीत कळा येत होत्या. ऑक्टोबरमध्ये सॅन फ्रान्सिस्कोला व्याख्यान दिलं आणि चाकाच्या खुर्चीतून म्युअर वुड्समधली उंच रेडवुडची झाडं पाहिली. १९६४ च्या सुरुवातीला यकृतात गाठी झाल्याचं कळलं. मार्चमध्ये क्लीव्हलँडला मेंदूतळाच्या पियुषिका ग्रंथीत किरणोत्सर्गी यट्रियम ठेवण्याची शस्त्रक्रिया झाली. शरीरातल्या संप्रेरकांचा पुरवठा तोडून कॅन्सरची वाढ रोखायची, हा तिचा हेतू. १४ एप्रिल १९६४ रोजी, मेरीलँडमधल्या सिल्व्हर स्प्रिंग इथल्या घरी, छप्पन्नाव्या वर्षी त्यांचं निधन झालं. बारा वर्षांच्या रॉजरला त्यांचे संपादक पॉल ब्रूक्स यांनी आपल्या घरी वाढवलं. १९७२ मध्ये अमेरिकेत डीडीटीच्या शेतीतल्या वापरावर बंदी आली. ते पाहायला त्या नव्हत्या.

तेव्हा आणि आता

कार्सन यांच्या आजाराची आणि आजच्या उपचारांची तुलना केली तर साठ वर्षांत किती अंतर कापलं गेलं हे कळतं. त्यांच्या काळात मॅमोग्राफी नुकती कुठे रुळत होती. आज लवकर सापडलेल्या बहुतेक गाठींसाठी संपूर्ण स्तन काढावा लागत नाही; गाठ काढून उरलेल्या स्तनाला रेडिएशन दिलं तरी आयुर्मान तेवढंच राहतं, हे मोठ्या अभ्यासांतून सिद्ध झालं आहे. संप्रेरकं रोखण्यासाठी कार्सन यांच्या मेंदूतळापर्यंत जावं लागलं. आज त्यासाठी रोज एक गोळी पुरते. योगायोग असा, की ‘सायलेंट स्प्रिंग’ आलं त्याच १९६२ साली इंग्लंडमधल्या आयसीआय या रसायन कंपनीच्या प्रयोगशाळेत टॅमॉक्सिफेन हे औषध पहिल्यांदा तयार झालं. ते रुग्णांपर्यंत पोचायला पुढची दहा-अकरा वर्षं लागली.

डॉक्टरही बदलले. रुग्णाला निदान सांगावं का, हाच प्रश्न अमेरिकेतल्या डॉक्टरांना पुन्हा विचारला गेला, तेव्हा १९७९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या पाहणीत ९७ टक्क्यांनी सांगावं असं उत्तर दिलं.

फॉलो-अप म्हणजे नेमकं काय?

उपचार संपले की बऱ्याच स्त्रियांना सुटल्यासारखं वाटतं आणि त्याच वेळी धास्तीही वाटते. इतके महिने कुणीतरी रोज तपासत होतं, आता एकदम तीन महिन्यांनी या म्हणतात! काहीजणी या धास्तीपायी दर महिन्याला नवा स्कॅन काढून घेतात. काहीजणी दवाखान्याचं तोंडच बघायचं नाही असं ठरवतात. दोन्ही टोकं चुकीची.

साधारण वेळापत्रक असं असतं. पहिली तीन वर्षं दर ३ ते ६ महिन्यांनी, चौथ्या-पाचव्या वर्षी दर ६ ते १२ महिन्यांनी आणि त्यानंतर वर्षातून एकदा डॉक्टरांची भेट. या भेटीत डॉक्टर तुमची विचारपूस करतात. दोन्ही बाजूंची छाती, शस्त्रक्रियेचा व्रण, काखा आणि गळ्याच्या हाडावरची जागा हातानं तपासतात. सोबत वर्षातून एकदा मॅमोग्राफी. स्तन राखला असेल तर दोन्ही बाजूंची, काढला असेल तर दुसऱ्या बाजूची. रेडिएशन झालं असेल तर त्यानंतरची पहिली मॅमोग्राफी किमान सहा महिन्यांनी करतात.

एवढंच? हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. काही त्रास नसताना दरवर्षी पेट स्कॅन, बोन स्कॅन, सीटी आणि रक्तातले ट्यूमर मार्कर करून घेण्याचा फायदा होत नाही. १९९४ मध्ये इटलीतले दोन अभ्यास प्रसिद्ध झाले. प्रत्येकात बाराशेहून अधिक स्त्रिया होत्या. निम्म्या स्त्रियांच्या अशा भरपूर तपासण्या केल्या, उरलेल्यांची साधी तपासणी आणि मॅमोग्राफी. दोन्ही गटांचं आयुर्मान सारखंच राहिलं.

याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. त्याच स्तनात, व्रणापाशी, काखेत किंवा दुसऱ्या स्तनात उद्भवलेला आजार लवकर सापडला तर तो पुन्हा पूर्ण बरा होण्याची शक्यता असते. म्हणून त्या जागांवर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवायचं. दूरच्या अवयवात गेलेला आजार मात्र लक्षणं दिसण्याआधी काही महिने सापडला, तरी त्यामुळे आयुष्य वाढल्याचं दिसत नाही. वाढते ती काळजी, खर्च आणि स्कॅनमध्ये दिसलेल्या निरुपद्रवी ठिपक्यांमागची धावपळ. लक्षणं असतील तेव्हा मात्र हेच स्कॅन लगेच करायला हवेत.

म्हणून दोन भेटींच्या मधल्या काळात तुमचं स्वतःचं लक्ष फार मोलाचं असतं. कार्सन यांची बरगडीपाशीची सूजही त्यांच्याच हाताला लागली होती. व्रणावर, छातीवर, काखेत किंवा मानेत नवी गाठ, दुसऱ्या स्तनातला बदल, त्वचेवर लाली किंवा पुरळ, स्तनाग्रातून स्राव, हे दिसलं तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका. हाडांचं दुखणं, खोकला किंवा धाप दोन-तीन आठवड्यांत थांबत नसेल, कावीळ झाली, वजन कारण नसताना उतरलं, डोकेदुखी हटत नसेल, फिट आली, तर लगेच या. अंगावर काढू नका. प्रत्येक दुखणं म्हणजे कॅन्सर नसतो, बहुतेक वेळा नसतोच. पण ते ठरवण्याचं काम डॉक्टरांचं.

आजाराइतकंच औषधांवरही लक्ष ठेवावं लागतं. संप्रेरकांवर वाढणाऱ्या कॅन्सरसाठी पाच ते दहा वर्षं गोळ्या घ्याव्या लागतात. बरं वाटतंय म्हणून त्या परस्पर बंद करणाऱ्या स्त्रिया कमी नाहीत. असा कॅन्सर पाच वर्षांनंतरही, अगदी वीस वर्षांपर्यंत उलटू शकतो, म्हणून गोळ्या पूर्ण कराव्यात. गरम वाफा, सांधे आखडणं, झोप न लागणं असा त्रास होत असेल तर सांगा. औषध बदलता येतं. टॅमॉक्सिफेन घेताना पाळी गेल्यानंतर रक्तस्राव झाला किंवा एक पाय दुखून सुजला, तर ताबडतोब दाखवा. लेट्रोझोलसारख्या गोळ्यांनी हाडं ठिसूळ होतात, म्हणून हाडांची घनता वेळोवेळी मोजतात. काही केमोथेरपी आणि ट्रास्टुझुमॅब हृदयाला त्रास देऊ शकतात, त्यासाठी इको लागतो. काखेतल्या ग्रंथी काढल्या असतील तर त्या बाजूच्या हाताला सूज येऊ शकते. तिच्यावर सुरुवातीलाच व्यायामाचे आणि पट्टीचे उपचार केले तर ती आटोक्यात राहते. रोजचं चालणं आणि वजनावर ताबा यांचा फायदा सगळ्यांनाच होतो. घरात आई, बहीण, मावशी यांनाही हा आजार झाला असेल तर जनुकीय तपासणीबद्दल विचारा. आणि मनाचं बोला. तपासणीची तारीख जवळ आली की रात्र-रात्र झोप न लागणं हा दुबळेपणा नव्हे, त्यावरही मदत मिळते.

ती हाय खाईल

हे सगळं एका गोष्टीवर अवलंबून आहे. आपल्याला काय झालं होतं, हे त्या स्त्रीला माहीत असलं पाहिजे.

सरकारी रुग्णालयाच्या ओपीडीत एक दृश्य मला इतक्या वर्षांनंतरही दिसतं. रुग्ण बाई बाहेर बाकावर बसलेली असते. मुलगा, नवरा किंवा दीर रिपोर्ट घेऊन आत येतो आणि हळूच सांगतो, की तिला काही सांगू नका, ती हाय खाईल. त्याच्या मायेबद्दल मला शंका नसते. पण त्या बाईला साधी गाठ होती असं वाटत राहिलं, तर शेतीची कामं सोडून, रोजगार बुडवून, एसटीनं चार तास प्रवास करून ती दर तीन महिन्यांनी का येईल? चांगली असताना पाच वर्षं रोज गोळी का घेईल? व्रणापाशी बारीक गाठ लागली तर घाबरून दाखवायला येईल, की घरातली लगीनसराई उरकेपर्यंत थांबेल?

सांगायचं कसं, याची पद्धत असते. आधी तिला किती जाणून घ्यायचं आहे ते विचारायचं. मग एका बैठकीत थोडं, दुसऱ्या बैठकीत थोडं, तिच्या भाषेत, जवळच्या माणसाला सोबत बसवून सांगायचं. निदानासोबत पुढे काय करायचं तेही सांगायचं. माझा अनुभव असा आहे, की बाईला बरंचसं आधीच कळलेलं असतं. घरचे लपवतात म्हणून तीही न कळल्याचं दाखवते आणि दोन्हीकडचे एकमेकांपासून लपून रडतात.

उपचार पूर्ण झाले की डॉक्टरांकडून एक सारांश लिहून घ्या. कॅन्सरचा प्रकार, अवस्था, काखेतल्या किती ग्रंथींमध्ये तो होता, संप्रेरकांचा आणि हर-टूचा रिपोर्ट, कोणती शस्त्रक्रिया, कोणती औषधं, रेडिएशन झालं का, आता कोणत्या गोळ्या किती वर्षं आणि पुढची तारीख कधी, एवढं त्यात असावं. मूळ पॅथॉलॉजी रिपोर्ट जपून ठेवा, मोबाइलमध्ये त्याचा फोटो काढून ठेवा. गाव बदललं, डॉक्टर बदलले, तरी फॉलो-अप तुटत नाही. आणि ही फाईल त्या बाईच्या हातात द्या, तिच्या कपाटात ठेवा.

रेचल कार्सन यांना १९६० च्या एप्रिलमध्ये विचारलेल्या प्रश्नाचं सरळ उत्तर मिळालं नाही. डिसेंबरमध्ये ते मिळालं आणि त्यानंतर त्यांनी उपचार निवडले, पुस्तक पुरं केलं, सिनेटपुढे उभ्या राहिल्या. तुमच्या घरात कुणी असा प्रश्न विचारत असेल, तर तिला पहिल्याच दिवशी खरं उत्तर मिळू द्या.